अकरा नंबरची खाट

१९८१ च्या जूनमध्ये अण्णांनी मला जिल्ह्याच्या गावी आणून सोडलं. पेरणीचे दिवस होते. रानातलं काम टाकून माणूस दिवसभर एसटीत बसला म्हणजे ती गोष्ट किती मोठी, हे ज्यांचं पोट शेतीवर आहे त्यांना सांगायला नको. दहावी पास झालेली आमच्या वाडीतली मी दुसरी पोरगी. पहिलीचं लग्न झालं होतं. ए.एन.एम.चं ट्रेनिंग अठरा महिन्यांचं, होस्टेल सरकारी, वर थोडा स्टायपेंड, आणि पास झालं की नोकरी. एवढं कळल्यावर अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. भावकीतले म्हणायचे, "पोरीला लोकाची घाण काढायला धाडायलास का?" अण्णा म्हणायचे, "घरी र्‍हाऊन तरी काय, शेणच काढती."

जाण्याआधी त्यांनी एक शेळी विकली आणि मला एचएमटीचं घड्याळ घेतलं. यादीत लिहिलेलं होतं, सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ. नाडी मोजायला. आमच्या घरात तोवर घड्याळ नव्हतं. आईनं ते कानाला लावून पाहिलं आणि हसली.

पहिले तीन महिने वर्गात गेले. ते बरे होते. पाठांतर मला यायचं. हाडांची नावं, बाळाच्या डोक्याची मापं, सगळं मी धडाधडा म्हणून दाखवायची. मग आमची वॉर्डात ड्युटी लागली आणि पाठांतराचा काही उपयोग उरला नाही.

बाळंतिणींचा वॉर्ड होता. खाटा तीस, बाया चाळीसच्या पुढे. उरलेल्या खाली सतरंजीवर. त्यांच्या सासवा, आया, एखादं मोठं पोर, असा सगळा बारदाना खाटेखाली. डेटॉल, वेखंडाची धुरी, ओल्या चिंध्या आणि बाहेरच्या चुलीवरचा धूर, असा एक वास यायचा. तो अजूनही कधी नाकात येतो. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची, रबरी हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घालायचे, पावडर लावून पुन्हा गुंडाळायचे. एक तुटलं-फुटलं की रजिस्टरला नाव आणि स्टायपेंडातून पैसे कट.

या सगळ्यावर मोठ्या सिस्टर.

वॉर्डाच्या इन्चार्ज. कोट्टायमकडच्या. वीस वर्षं मराठवाड्यात काढली तरी मराठीतलं बाई-माणूस त्यांना कधी जमलं नाही. आम्हा सगळ्या पोरींना त्या पुरुषासारखं बोलायच्या. "तू कुठे गेला होता?" "कोण ठेवला हा ट्रे?" आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या बुटांचा आवाज व्हरांड्यात आला की माझ्या पोटात कालवायचं. खरंच कालवायचं, म्हणायचं म्हणून म्हणत नाही. सकाळी सातला ड्युटी, तर साडेपाचपासून मला दोन-तीनदा जावं लागायचं. जेवण जाईना. तीन महिने माझी पाळी आली नाही. होस्टेलात आणखी दोघीतिघींचं तसंच होतं, पण हे एकमेकींना आम्ही कितीतरी उशिरा सांगितलं. टेन्शन हा शब्द तेव्हा आमच्या तोंडात नव्हता. "धास्ती घेतलीय" एवढंच म्हणायचो.

सिस्टर कामाला वाघ होत्या. पण बोलायच्या ते सगळ्यांसमोर. एका पोरीकडून दहा सीसीची सिरिंज फुटली, तर तिचे तुकडे तिच्या हातातल्या किडनी ट्रेमध्ये देऊन वॉर्डाच्या दाराशी तासभर उभी केली. येणारी-जाणारी बाई तिच्याकडं बघायची. त्यानंतर ती पोरगी सिरिंजला हात लावायला भ्यायची आणि भ्यालेल्या हातातून आणखी एक पडली. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

आणि आमची सगळी दोरी त्यांच्या हातात. केसबुक नावाची एक वही असायची. किती बाळंतपणं पाहिली, किती स्वतः केली, प्रत्येकाची नोंद आणि खाली सिस्टरची सही. सही नाही तर ते बाळंतपण झालंच नाही. आकडा भरला नाही तर परीक्षेला बसता यायचं नाही. रात्रभर बाईपाशी उभं राहून, कंबर मोडून, सकाळी वही घेऊन गेलं की त्या म्हणायच्या, "नंतर." ते नंतर कधी आठ दिवसांनी यायचं.

मधेच एक सांगते. आमच्या पुढच्या बॅचची एक पोरगी होती, अंबाजोगाईकडची. तिच्या वहीत सगळ्या सह्या वेळेवर. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही चुकीच्या वेळंला जाता गं. राउंडच्या आधी गेलं की त्या अंगावर येणारच. त्यांच्या डोक्यावर डॉक्टर असतात. सकाळी सहाला लिनन रूममध्ये त्या काळा चहा पितात. तवा जायचं, हातात वही न घेता. आधी एक शंका विचारायची. खरी, बनवून नाही." मी ऐकून घेतलं. पण मला वाटायचं, शंका विचारली म्हणजे येत नाही हे कबूल केल्यासारखं. मी सगळं येतंय असंच तोंड करून फिरायची.

ती रात्र डिसेंबरातली. ऊसतोडीच्या टोळ्या हलल्या होत्या आणि पोटुशी बाया टोळीबरोबर गेलेल्या असायच्या. काही वाटेतून परत आलेल्या. अकरा नंबरच्या खाटेवर अशीच एक होती, एकोणीस-वीसची, तिसरं बाळंतपण. रात्री नऊच्या सुमारास मोकळी झाली. मुलगा. दहाला तिला वॉर्डात आणलं. सोबत सासू.

रात्रीला एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही दोघी स्टुडंट. स्टाफ लेबर रूममध्ये अडकलेल्या, माझी जोडीदारीण त्यांच्या हाताखाली. वॉर्ड माझ्यावर. काम सरळ होतं: सगळ्यांचा टीपीआर घ्यायचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास, आणि नव्या बाळंतिणींची दर अर्ध्या तासाला नाडी, पोट आणि पॅड बघायचं.

पाचव्या की सहाव्या खाटेपाशी थर्मामीटर झटकताना माझा हात लोखंडी दांडीवर आपटला. काच फुटली. पारा फरशीवर सांडला, त्याचे मणी झाले आणि खाटांखाली पळाले. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ते गोळा करत बसले. एकाला धरावं तर त्याचे दोन होत होते. एक म्हातारी सतरंजीवरून उठून म्हणाली, "काय सांडलं गं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, झोपा."

दुसरा थर्मामीटर कपाटात होता. किल्ली स्टाफ सिस्टरकडं. मागायला जायचं म्हणजे फुटला हे सांगायचं. सांगितलं की सकाळी मोठ्या सिस्टरकडं जाणार. मला त्या ट्रेमध्ये तुकडे घेऊन दाराशी उभी असलेली मीच दिसायला लागले.

मी चार्ट काढले आणि बसून भरून टाकले. ९८.४, ८०, २०. कुठं ९८.६, ८२, २०. कुठं ७८. फरक दिसावा म्हणून. अक्षर चांगलं काढलं. थर्मामीटर फुटला होता. माझ्या मनगटावरचं घड्याळ धड होतं, नाडी तर मोजता आली असती. पण एकदा खोटं लिहायला बसल्यावर खऱ्यासाठी कोण उठतं? अकरा नंबरच्या खाटेचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ताही मी एका दमात भरला. पुढच्या वेळांचासुद्धा.

दीडच्या सुमारास तिची सासू टेबलाशी आली. "बाई, आमच्या पोरीला थंडी वाजायलीय. पाणी मागायलीय सारखं."

मी मान वर न करता म्हटलं, "बाळंतपणानंतर वाजती थंडी. पांघरूण घाला. झोपू द्या तिला."

म्हातारी गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पांढरा गणवेश होता ना.

मोठ्या सिस्टर मागच्या क्वार्टरमध्येच राहायच्या. त्यांना झोप कमी. अधूनमधून रात्री शाल गुंडाळून, चपला घालून चक्कर टाकायच्या, त्यामुळं बुटांचा आवाज यायचा नाही. दोनच्या पुढं त्या कधी आत आल्या मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा त्या अकरा नंबरपाशी उभ्या होत्या आणि बाईचं मनगट त्यांच्या हातात होतं. घड्याळाकडं बघत ओठ हलत होते. मग त्यांनी पायाशी लटकवलेला चार्ट उचलला. वाचला. माझ्याकडं बघितलं.

"पल्स कोण बघितला?"

मी काही बोलले नाही.

"एकशे चोवीस हाय. तू ऐंशी लिहिला. अडीचचा पण लिहिला. आता किती वाजले?"

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांनी पांघरूण उचललं. खाली पॅड भिजून गादीपर्यंत गेलं होतं. रक्त काळोखात काळंच दिसतं. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि माझा हात ओढून त्याखाली धरला. बाळंतपणानंतर पिशवी आवळली की हाताला नारळासारखी टणक लागते. माझ्या हाताखाली कणकेचा गोळा होता. "चोळ," त्या म्हणाल्या. "गोल. थांबू नको." मी चोळत राहिले. वॉर्डबॉय कॉल बुक घेऊन डॉक्टरांकडं पळाला. आयाबाईनं खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. सिस्टरनी सलाइन लावलं, मेथार्जिन दिलं, आणि मग ओटीपोटावर बोटांनी ठोकून पाहिलं. लघवीची पिशवी तट्ट भरलेली होती. बाळंत झाल्यापासून ती बाई लघवीला गेलीच नव्हती. मी विचारलंच नव्हतं. त्यांनी कॅथेटर घातला. एनॅमलचं भांडं जवळजवळ भरलं. आणि माझ्या तळव्याखाली तो गोळा हळूहळू आवळत गेला, कडक झाला. वर्गात हे सगळं मी पाठ म्हणून दाखवलं होतं: भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आकसू देत नाही, रक्त जायला लागलं की बी.पी. पडायच्या आधी नाडी पळायला लागते. दोन्ही वाक्यं मला शब्दशः येत होती.

डॉक्टर आले तोवर रक्त थांबत आलं होतं. पहाटे बाईनं डोळे उघडून पोराला बघितलं. ती वाचली. मी दोनदा लिहिते, ती वाचली. न वाचती तर मी आज काही लिहायला बसले नसते.

पाच वाजता सिस्टरनी मला लिनन रूममध्ये बोलावलं. चहाचा पेला हातात होता. मला वाटलं, आता ट्रेनिंगमधून नाव काढणार. काढलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता.

"का लिहिला?"

मी खिशातून रुमालात बांधलेले काचेचे तुकडे काढले आणि पुठ्ठ्याच्या घडीतला पारा दाखवला. म्हटलं, "फुटला. भीती वाटली, सिस्टर."

"कोणाची?"

"तुमची."

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. त्या बराच वेळ पेल्यात बघत राहिल्या. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मग म्हणाल्या, "जा. सगळा पल्स घे. पूर्ण एक मिनिट. अर्धा घेऊन डबल नाही करायचा."

मी त्रेचाळीस बायांच्या नाड्या मोजल्या. एक मिनिट म्हणजे किती मोठं असतं हे मला त्या पहाटे समजलं. एकीची नाडी अडखळत होती, ती मी सांगितली. पुढं तिच्या हृदयाचा झडपेचा आजार निघाला, पण ती वेगळी गोष्ट.

रिपोर्ट बुकात सिस्टरनी लिहिलं: अकरा नंबर, रात्री २.१०, पल्स १२४. माझा चार्ट त्यांनी फाडला नाही, बदललाही नाही. लाल शाईनं आडवी रेघ मारून खाली सही केली, एवढंच. वर कळवलं का नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. माझी केसबुक मात्र दीड महिना त्यांनी हातात घेतली नाही. थर्मामीटरचे पैसेही कापले गेले.

आणि त्या बदलल्या, असं मी लिहिणार नाही. ओरडणं तसंच राहिलं. पण दाराशी कुणाला उभं केलेलं मी नंतर पाहिलं नाही. आणि एके दिवशी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक रिकामा किडनी ट्रे दिसायला लागला. सगळ्यांना बोलावून त्या म्हणाल्या, "तुटला, फुटला, हरवला, इथं ठेव. आधी दुसरा घेऊन पेशंटकडं जा. ओरडा नंतर." नंतरचा ओरडा ठरलेला असायचा. तरी त्या ट्रेमध्ये रोज काहीतरी पडायला लागलं.

संक्रांतीला अण्णा आले. तिळाच्या पोळ्या आणि बाजरीच्या भाकरी घेऊन. मी त्यांना आवाराच्या लिंबाखाली नेलं आणि म्हटलं, मला घरी न्या. का, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. म्हणाले, "चल, तुझ्या बाईला भेटून येतो." मी आडवायच्या आत ते व्हरांड्यात पोचले. टोपी हातात धरून सिस्टरसमोर उभे. मी खांबाआडून बघत होते. सिस्टर खुर्चीतून उठल्या होत्या, एवढं दिसलं. ऐकू काही आलं नाही.

परत आल्यावर अण्णा म्हणाले, "चांगलीय की बाई. म्हणली, तुमच्या पोरीचा हात हलका आहे, बाया मागतात तिला. डोकं तेवढं भित्रं आहे."

"आणि?"

"मी म्हणलं, भित्रं आईवर गेलंय." मग भाकरी सोडत म्हणाले, "घड्याळ टायमावर चालतं का?"

त्यानंतर मी सकाळी सहाला लिनन रूममध्ये जायला लागले. पहिले काही दिवस नुसती उभी राहायची. मग एकदा विचारलं, सिस्टर, आडवं मूल हाताला कसं कळतं? त्यांनी पेला ठेवला, उठल्या आणि मला एका बाईपाशी नेऊन दोन्ही हात पोटावर ठेवायला लावले. तो दिवस धरून त्यांनी मला जे शिकवलं, त्यावर मी अडतीस वर्षं नोकरी केली. तरीही त्या पोरीला दाराशी उभं केलं ते चूक होतं, असं मला आजही वाटतं. दोन्ही खरं आहे. त्या हयात असत्या तर हे मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं. बहुतेक पहाटे सहाला.

१९८३ ला माझी नेमणूक उपकेंद्रावर झाली. नियमानं पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ भागात तीन हजाराला. माझ्याकडं साडेसहा हजार आणि नदीपलीकडच्या दोन वाड्या. त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नर्सिंग कॉलेजच्या पोरी खेड्यातल्या अनुभवासाठी यायला लागल्या. महिन्याच्या नऊ तारखेला आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते. २०१६ पासून ती देशभर त्याच तारखेला होते. त्या दिवशी गर्दी म्हणजे जत्रा. मी एका पोरीला बी.पी. बघायला बसवलं होतं. दुपारी रजिस्टर चाळलं. १२०/८०, १२०/८०, १२०/८०. अकरा बाया ओळीनं.

माझा पारा चढला. खुर्चीतून उठून, सगळ्या बायांसमोर, मी त्या लेकराला असं काही बोलले की खोलीत चिडीचूप झालं. आवाज माझा होता, बोलणं मात्र मोठ्या सिस्टरचं. एक शब्द तर तसाच, पुरुषासारखा निघाला, "कोण लिहिला हे?" पोरीच्या हातातला पेन थरथरत होता. तिच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं आणि त्यावरचा फोटो हसरा होता.

मी खाली बसले. पाणी प्याले. मग तिला म्हटलं, "चल, परत बघू."

आम्ही अकराही बायांचं बी.पी. पुन्हा घेतलं. दोघीजणी वैतागल्या, एसटी चुकेल म्हणून. एकीचं १३२/८६ निघालं, बाकीच्यांचं ठीक होतं. काही मोठं सापडलं नाही. पण यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला की सुटून यायचा. त्याची चिकटपट्टी पार गेलेली. पोरगी हातानं दाबून धरत होती आणि हवा भरायला तिला तिसरा हात नव्हता.

"हे कधीपासून असं आहे?"

"सकाळपासून, मॅडम."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती खाली बघत राहिली. मी पुढं विचारलं नाही. कुणाची भीती, हे मला विचारायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघींनी चहा घेतला. तिनं तीन शंका विचारल्या, त्यातली एक मलाही आली नाही. मग नवीन पट्ट्याचा इंडेंट तिच्याच हातानं लिहून घेतला. पट्टा तीन महिन्यांनी आला. तोवर आम्ही जुन्यावर सुतळी बांधून काम चालवलं.